नोंदींची राखण आणि साधनांची मालकी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

राज्यव्यवस्था कोणतीही असो, तिचा कारभार नोंदींवर चालतो. जमीन कोणाच्या नावे आहे, मजुराच्या हजेरीपटावर किती दिवस भरले, भविष्यनिर्वाह निधीत किती रक्कम जमा झाली, रुग्णाला पूर्वी कोणते औषध सोसले नव्हते, या साऱ्याचा निवाडा अखेर कोठेतरी लिहून ठेवलेल्या एका ओळीवर होतो. ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गावाची मान, हा ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याचा अनुभव आहे. महाराष्ट्रातला सातबारा उतारा आज संगणकावरून मिळतो. कापडात बांधलेले दप्तर मागे पडले. पण दप्तराचा प्रश्न मागे पडलेला नाही. तो आता वातानुकूलित खोलीत, लोखंडी मांडणीवर रचलेल्या सर्व्हरमध्ये जाऊन बसला आहे, आणि तिथे सामान्य माणसाची नजर पोहोचत नाही.

म्हणून हा विषय तंत्रज्ञांपुरता मानून सोडून देणे चळवळीला परवडणारे नाही. या खोलीत साठवलेली नोंद खरी राहते की नाही, ती राखण्याचे कष्ट कोण करतो, आणि ज्या साधनाने ती राखली जाते ते साधन कोणाच्या मालकीचे आहे, असे तीन प्रश्न येथे विचारायचे आहेत. तिन्हींचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करता येतो. ते उदाहरण म्हणजे ‘झेडएफएस’ या नावाची फाइल सिस्टीम.

फाइल सिस्टीम म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. डिस्क ही केवळ असंख्य क्रमांकित खणांची फळी असते. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, कोणते खण रिकामे आहेत, कोणाला काय वाचण्याची मुभा आहे, याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टीम. ग्रंथालयातील कपाटे म्हणजे डिस्क मानली, तर नोंदवही आणि ग्रंथपाल मिळून फाइल सिस्टीम होते. नोंदवही बिघडली तर कपाटात पुस्तके असूनही ती हरवल्यासारखीच असतात.

जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली असे. डिस्कने दिलेले उत्तर खरे मानायचे, हे ते गृहीतक. खण वाचता आला नाही तर डिस्क तसे सांगेल, आणि वाचता आला तर त्यात लिहिले होते तेच मिळेल, असा हा भाबडा विश्वास होता. अनुभव वेगळा आहे. चुंबकीय पृष्ठभागावरील एखादा कण फिरतो, केबल सैल असते, डिस्कच्या आतील प्रणालीत दोष असतो, लिहिण्याचा हुकूम भलत्याच खणावर जातो, किंवा ‘लिहिले’ असे उत्तर येऊनही प्रत्यक्षात काही लिहिलेलेच नसते. अशा वेळी कोणतीही सूचना न येता चुकीची माहिती बरोबर म्हणून पुढे येते. २००८ साली अमेरिकेतील व कॅनडातील संशोधकांनी १५ लाख ३० हजार डिस्कच्या ४१ महिन्यांतील नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पडताळणी-अंक न जुळण्याच्या चार लाखांहून अधिक घटना आढळल्या. एकेका डिस्कपुरते पाहिले तर हे प्रमाण लहान वाटते. परंतु जिथे कोट्यवधी माणसांच्या नोंदी एकत्र ठेवलेल्या असतात, तिथे लहान प्रमाणाचा अर्थ हजारो माणसे असा होतो. आणि ज्याची नोंद बिघडली त्याला तर प्रमाणाने काहीच दिलासा मिळत नाही.

या दोषाकडे गंभीरपणे पाहून जी रचना झाली ती झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स या अभियंत्यांनी २००१ साली हे काम हाती घेतले. २००५ च्या अखेरीस त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला झाला आणि २००६ साली कंपनीच्या सोलॅरिस या कार्यप्रणालीबरोबर तो ग्राहकांच्या हाती पडला. या रचनेचे मर्म तांत्रिक परिभाषा बाजूला ठेवूनही सांगता येते.

पहिली गोष्ट अशी की, लिहिलेल्यावर पुन्हा लिहायचे नाही. जमाखर्चाच्या वहीत खाडाखोड करू नये, चूक झाली तर नवी नोंद करावी, हा जुन्या मुनिमांचा दंडक होता. झेडएफएस तोच पाळते. फाइलीत बदल झाला की जुना ठोकळा तसाच राहतो, नवा मजकूर रिकाम्या जागी लिहिला जातो, आणि सर्व काही नीट लिहून झाल्यानंतरच मुळाशी असलेला निर्देशक नव्या मजकुराकडे वळवला जातो. मध्येच वीज गेली तर जुनी अवस्था अखंड असते. अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी विकृत अवस्था संभवत नाही. शेवटच्या काही सेकंदांतला मजकूर जाऊ शकतो, परंतु वही फाटत नाही.

दुसरी गोष्ट पडताळणीची. प्रत्येक ठोकळ्याच्या मजकुरावरून गणिताने एक अंक काढला जातो. त्याला चेकसम म्हणतात. मजकुरात एका बिंदूचा फरक पडला तरी हा अंक बदलतो. अनेक व्यवस्था असा अंक त्या मजकुराच्या शेजारीच ठेवतात. झेडएफएसमध्ये तो शेजारी नसतो. त्या ठोकळ्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ठोकळ्यात असतो. वरच्या ठोकळ्याचा अंक त्याच्याही वरच्यात, असे करत ही साखळी मुळापर्यंत जाते. साक्षीदार आणि आरोपी एकाच घरात राहू नयेत, असे हे तत्त्व आहे. भलत्याच खणात लिहिले गेलेले किंवा मुळीच न लिहिले गेलेलेही त्यामुळे उघडकीस येते. कारण मजकूर आणि त्याचा शेजारचा अंक दोन्ही जुनेच राहिले तरी वरच्या ठोकळ्यातला अंक त्यांच्याशी जुळत नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. पूर्वी डिस्क जोडणारी व्यवस्था वेगळी आणि फाइलींचा हिशेब ठेवणारी वेगळी असे. दोघांत संवाद नसे. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवला आणि दोहोंत फरक पडला, तर खरा कोणता हे सांगणारा कोणीच नसे. झेडएफएसने या दोन्ही व्यवस्था एकत्र केल्या. एका प्रतीचा अंक जुळला नाही, तर दुसरी प्रत तपासली जाते. ती जुळली तर मागणाऱ्याला तीच दिली जाते आणि बिघडलेली प्रत जागच्या जागी सुधारली जाते. अनेक डिस्कचा मिळून एक साठा करावयाचा, त्यास ‘पूल’ म्हणतात, आणि त्यातील एक, दोन किंवा तीन डिस्क निकामी झाल्या तरी मजकूर शाबूत राहील अशी योजना करता येते. सहा डिस्कच्या पूलमध्ये दोन डिस्कचे नुकसान सोसण्याची तरतूद केली, तर सुमारे चार डिस्कइतकी जागा वापरास मिळते. सुरक्षिततेची किंमत अशी रोख मोजावी लागते. ती न मोजता सुरक्षितता मिळाल्याचा दावा जो करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

चौथी गोष्ट ‘स्नॅपशॉट’ची. जुना मजकूर पुसला जात नसल्यामुळे एखाद्या क्षणाची संपूर्ण अवस्था जपून ठेवणे अतिशय स्वस्त होते. काल संध्याकाळी सहा वाजता नोंदी कशा होत्या, हे आज पाहता येते. आणि दोन स्नॅपशॉटमधील फरक तेवढाच दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर पाठवता येतो. कोणी अधिकाराचा गैरवापर करून नोंद बदलली, तर जुनी नोंद मागे उभी असते. लोकशाही कारभारात या सोयीचे मोल किती आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु मित्रहो, येथे एक सावधगिरी हवी. यंत्रावर सर्व काही सोपवून माणूस मोकळा होतो, हा समज भांडवलदारी जाहिरातींनी पसरवला आहे, आणि तो पुरोगामी मंडळींतही कमी नाही. झेडएफएससारखी उत्तम व्यवस्थाही कोणी सांभाळल्यावाचून चालत नाही. पडताळणी-अंक मजकूर वाचला तरच तपासला जातो. जी फाइल वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नाही ती आतल्या आत कुजू शकते. म्हणून साधारणतः महिन्यातून एकदा सारा साठा आरंभापासून अखेरपर्यंत वाचून तपासावा लागतो. या कामाला ‘स्क्रब’ म्हणतात. भांडी घासण्यासाठी जो शब्द वापरला जातो तोच हा शब्द आहे, आणि तो यथार्थ आहे. घासण्याचे काम झाले की कोणी दाद देत नाही. झाले नाही की सर्वांच्या लक्षात येते.

साठा काठोकाठ भरू देऊन चालत नाही. नवे लिहिण्यासाठी रिकामी जागा लागत असल्यामुळे पूल भरत आला की काम मंदावते. म्हणून जाणते प्रशासक तो ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करतात. एक डिस्क निकामी झाली की तिच्या जागी नवी बसवून तिच्यावर मजकूर पुन्हा उभारावा लागतो. डिस्क मोठी आणि पूल भरलेला असेल तर या उभारणीला तास नव्हे, दिवस लागतात, आणि त्या काळात उरलेल्या डिस्कवर ताण असतो. याच वेळी दुसरी डिस्क गेली तर काय, याचा विचार आधीच झालेला असावा लागतो. २०२० साली असे उघडकीस आले की, काही मोठ्या उत्पादकांनी आपल्या डिस्कमधील लेखनपद्धती ग्राहकांना स्पष्ट न सांगता बदलली होती. एकमेकांवर किंचित चढणाऱ्या रेघांत लिहिणाऱ्या त्या डिस्क रोजच्या वापरात ठीक वाटत. परंतु पुन्हा उभारणीच्या प्रसंगी त्या अत्यंत मंद होत आणि काही वेळा पूलमधून बाहेर फेकल्या जात. ज्यांनी हे शोधून काढले ते वापरकर्ते आणि प्रशासक होते. खरेदीखाते किंमत पाहते; कसोटीच्या रात्री जागतो तो प्रशासक.

आणखी एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. खुल्या साधनातही दोष असतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झेडएफएसच्या खुल्या आवृत्तीत असा दोष सापडला की, नुकत्याच लिहिलेल्या फाइलीची विशिष्ट क्षणी प्रत काढली तर प्रतीत काही भाग शून्यांनी भरलेला येई. सत्याची हमी देणाऱ्या व्यवस्थेतच असत्य निघावे, ही नामुष्कीची बाब होती. त्यातही वाईट हे की, अंकांची साखळी येथे उपयोगी नव्हती. कारण चुकीचा मजकूरच रीतसर अंकासह लिहिला जात होता. तथापि त्यानंतर जे घडले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. दोष कोणी लपवला नाही. चर्चा सर्वांसमोर झाली, त्याचे मूळ अनेक वर्षे जुन्या कोडमध्ये असल्याचे मान्य केले गेले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. आपली चूक लपवणारी संस्था आणि आपली चूक चारचौघांत मांडणारी संस्था यांतला फरक राजकीय कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

स्नॅपशॉट असले तरी बॅकअप लागतोच, हा या क्षेत्रातील पहिला धडा. कारण स्नॅपशॉट त्याच साठ्यात असतो आणि साठा जळला तर तोही जळतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहितीकेंद्राला बॅटरीपासून आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रे जिथे ठेवत ती ८५८ टेराबाइटची साठवण नष्ट झाली, आणि तिचा बाहेर कोठेही बॅकअप नव्हता. साठा फार मोठा असल्याने बॅकअप ठेवणे शक्य झाले नाही, असे कारण देण्यात आले. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या राष्ट्राची ही कथा आहे.

याच्या उलट एक अनुभव भारतातला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. पाच सर्व्हरमधील सुमारे १.३ टेराबाइट मजकूर कुलूपबंद झाल्याची माहिती सरकारने संसदेत दिली. देशभरातून आलेले गरीब रुग्ण रांगेत उभे होते आणि त्यांची नोंदणी पुन्हा कागदावर सुरू करावी लागली. बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. त्या पूर्ववत झाल्या त्या बॅकअपचा एक सर्व्हर हल्ल्यातून बचावला होता म्हणून. तो बचावला नसता तर लक्षावधी रुग्णांचा पूर्वेतिहास गेला असता. श्रीमंत माणूस आपल्या आजाराची कागदपत्रे घरी फाइलीत लावून ठेवतो. गरिबाचा इतिहास इस्पितळाच्या नोंदीखेरीज कोठेही नसतो. साठवणुकीचा प्रश्न वर्गीय प्रश्न आहे तो या अर्थाने.

आता कष्टांच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एक अभियंता डेटाबेसच्या बिघाडाशी झुंजत होता. दिवसभराचे काम संपत आले असता, दोन सर्व्हरपैकी ज्याच्यावरील मजकूर काढायचा होता त्याऐवजी मुख्य सर्व्हरवर त्याने हुकूम दिला. चूक ध्यानात येऊन त्याने हुकूम थांबवला तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. मग एकामागून एक सत्य बाहेर आले. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता. तो होत नसल्याची सूचना देणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. इतर उपायही ऐनवेळी कामास आले नाहीत. सुमारे सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने चाचणीसाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून सर्व काही उभारावे लागले, आणि मधल्या तासांतील काम कायमचे गेले.

अशा प्रसंगी कारखान्यात काय होते ते कामगार संघटनांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. अपघात झाला की चौकशी होते, आणि चौकशीत दोषी निघतो तो यंत्रावर उभा असलेला माणूस. यंत्राला जाळी का नव्हती, पाळी किती तासांची होती, देखभालीचा खर्च कोणी कापला, हे प्रश्न अहवालात येत नाहीत. गिटलॅबने त्या वेळी वेगळी वाट धरली, हे नमूद केले पाहिजे. दुरुस्तीचे काम लोकांसमोर उघडपणे चालवले गेले, त्या अभियंत्याचे नाव जाहीर न करता सविस्तर निवेदन प्रसिद्ध झाले, आणि बॅकअप परत उभारता येतो की नाही हे तपासण्याची जबाबदारी कोणावरच सोपवलेली नव्हती, हा दोष व्यवस्थेचा म्हणून मान्य केला गेला. जिथे एका थकलेल्या माणसाच्या एका चुकीने सर्वस्व जाते, तिथे त्या माणसाला शिक्षा करून काही साधत नाही. त्याच्या जागी येणारा दुसरा माणूसही एखाद्या रात्री थकणारच आहे.

हे प्रशासक बहुधा रात्रपाळीचे असतात. सरकारी कार्यालयांत हे काम कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून उपकंत्राटदाराकडे, आणि अखेर अल्प वेतनाच्या मुदतबंद कामगाराकडे जाते. त्याची मुदत संपते तेव्हा साठ्याची रचना, जुन्या बिघाडांचा इतिहास आणि गैरसोयींवर काढलेले मार्ग हे सारे त्याच्याबरोबर निघून जाते. ज्ञान माणसांत असते. माणसे तात्पुरती ठेवली की ज्ञानही तात्पुरते राहते. नोंदींचे कायमस्वरूपी रक्षण अस्थायी माणसांकडून करून घेण्याचा हा विसंवाद लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत मांडला गेला पाहिजे.

तिसरा प्रश्न मालकीचा. झेडएफएसचा इतिहास या बाबतीत विशेष बोधप्रद आहे. सन कंपनीने २००५ साली कोड खुला केला तो एका विशिष्ट परवान्याखाली. त्यान्वये कोणालाही तो वाचता, बदलता व वाटता येत होता. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोलॅरिसचा खुला विकास थांबवण्यात आला. ज्या साधनावर जगभरातील माणसांनी विश्वास टाकला होता, ज्याच्या सुधारणेत बाहेरच्यांनीही हात लावला होता, त्याचे दार एका व्यवहाराने बंद झाले. गावाच्या गायरानाला कुंपण पडावे तसा हा प्रकार होता.

परंतु गायरान पूर्णतः गेले नाही. आधी दिलेला परवाना परत घेता येत नव्हता. दार बंद होण्याच्या दिवसापर्यंतचा कोड लोकांच्या हाती होता, आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘इल्युमॉस’ या नावाने स्वतंत्र प्रवाह सुरू झाला. मूळ अभियंत्यांपैकी अनेकांनी ओरॅकल सोडली. अहरेन्स यांनी बाहेर राहून खुल्या आवृत्तीचे काम पुढे नेले. फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीत झेडएफएस २००७ सालीच आणले गेले होते. लिनक्सवर ते आणण्याचे काम अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाले. २०१३ साली या सर्व प्रवाहांना एकत्र आणणारा ‘ओपनझेडएफएस’ प्रकल्प उभा राहिला, आणि २०२० च्या अखेरीस लिनक्स व फ्रीबीएसडी यांचा कोड एक झाला. दरम्यान बंद झालेली आवृत्ती आपल्या वाटेने गेली. तिच्या नव्या स्वरूपात तयार केलेला पूल खुल्या आवृत्तीला उघडता येत नाही. एकाच आईची दोन लेकरे एकमेकांची भाषा विसरली. २०१७ साली तर ओरॅकलने सोलॅरिसवरील कर्मचाऱ्यांची मोठी कपात केली. कुंपणाच्या आतले शेत असे ओसाड पडू लागले, आणि बाहेर उरलेल्या जमिनीवर पीक उभे राहिले.

या इतिहासाचे भाबडे गुणगान करण्याचे कारण नाही. झेडएफएस जन्मले ते खासगी कंपनीच्या पैशातून. लिनक्सवर ते आणणारी प्रयोगशाळा अण्वस्त्रांच्या संशोधनासाठी ओळखली जाते. आजही त्याच्या विकासाला पैसा पुरवणाऱ्यांत साठवणुकीचा व्यापार करणाऱ्या कंपन्या आहेत. सामायिक मालकी ही भांडवलशाहीच्या बाहेर कोठेतरी अधांतरी जन्मली, असे इतिहास सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, परवान्याच्या एका कागदाने आणि कोड समजणाऱ्या काही माणसांच्या चिकाटीने मिळून एक साधन विक्रीच्या व्यवहारातून वाचले. केवळ कागद असता तर कोड मृत पडला असता. केवळ माणसे असती तर न्यायालयाने त्यांना थांबवले असते.

मुक्त चळवळीच्या अंतर्गत मतभेदांचे फळही येथे दिसते. झेडएफएसचा परवाना आणि लिनक्सचा परवाना, दोन्ही खुले. पण दोहोंच्या अटी एकमेकांत बसत नाहीत असे अनेक जाणकारांचे मत आहे. त्यामुळे झेडएफएस लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट होऊ शकले नाही आणि बाहेरून जोडावे लागते. २०१६ साली उबुंटूच्या प्रवर्तक कंपनीने ते आपल्या वितरणाबरोबर दिले, तेव्हा त्यावर कायद्याचा मोठा वाद झाला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२० साली झेडएफएस न वापरण्याचा सल्ला दिला, त्यातही ओरॅकलच्या कोर्टबाजीची भीती हे एक कारण होते. समविचारी पक्षांनी आपापल्या घटनेच्या कलमांवर अडून बसावे आणि लाभ तिसऱ्याचा व्हावा, हा अनुभव समाजवादी कार्यकर्त्यांना अपरिचित नाही.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? प्रथम, जिथे जिथे सार्वजनिक नोंदी संगणकावर आहेत तिथे साधे, सरळ प्रश्न विचारावेत. साठवलेल्या मजकुराची पडताळणी होते काय, शेवटची कधी झाली, आणि तिचा निष्कर्ष कोणाच्या टेबलावर गेला? बॅकअप किती आहेत, त्यांतला एक तरी दुसऱ्या गावी आहे काय, आणि मुख्य सर्व्हरचा परवलीचा शब्द चोरीस गेला तरी चोराचा हात पोहोचणार नाही असा एक तरी आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या बॅकअपवरून नोंदी प्रत्यक्ष उभ्या करून कोणी पाहिल्या आहेत काय? जो बॅकअप कधी परत उभा करून पाहिलेला नाही तो बॅकअप नसून केवळ आशा आहे. हे प्रश्न नगरपालिकेच्या सभेत विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरे, सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीत अशी अट असावी की नोंदी कोणत्याही एका कंपनीच्या बंद स्वरूपात अडकणार नाहीत. कंपनी विकली गेली, बुडाली किंवा तिचे धोरण फिरले, तरी नोंदी बाहेर काढून दुसरीकडे नेता आल्या पाहिजेत. २०१० चा धडा हाच आहे. तिसरे, हे काम करणाऱ्या माणसांच्या स्थायी नोकऱ्यांचा, पाळ्यांचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न कामगार संघटनांनी आपला मानावा. संगणकापुढे बसणारा कामगार हा कामगार नव्हे, या समजुतीत संघटनांनी बराच काळ घालवला आहे.

चौथे, आरंभ घरापासून करावा. चळवळीच्या संस्था, पतपेढ्या, वाचनालये, संघटनांची सभासद-पुस्तके यांच्या नोंदी बहुधा एकाच संगणकावर, एकाच कार्यकर्त्याच्या भरवशावर असतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा साधा नियम पाळण्यास मोठा निधी लागत नाही. मुक्त फाइल सिस्टीम विनामूल्य मिळते. एक जुना संगणक, दोन नव्या डिस्क आणि महिन्यातून एक दिवस हातात घेणारा एक माणूस एवढ्यावर आरंभ होतो. मात्र त्या माणसाने केलेले काम कागदावर लिहून ठेवावे आणि दुसऱ्याला शिकवावे. अन्यथा नोंदी त्याच्याबरोबर वृद्ध होतील.

मित्रहो, जनतेच्या स्मृतीवर जनतेचा हक्क आहे, हे व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे. तो हक्क प्रत्यक्षात टिकतो तो निकामी डिस्क वेळीच बदलल्याने, महिन्याची तपासणी न चुकवल्याने, बॅकअप उभा करून पाहिल्याने, आणि हे काम करणाऱ्याला पोटभर वेतन व पुरेशी झोप मिळाल्याने. ही कामे नीरस आहेत आणि त्यांच्या मिरवणुका निघत नाहीत. तरीही पुढील नगरपालिका निवडणुकीच्या जाहीरनाम्यात पाणी, रस्ते आणि शाळा यांच्या शेजारी नोंदींच्या राखणीचे एक कलम असावे, आणि निवडून गेलेल्या प्रतिनिधींनी पहिल्याच सभेत वरील प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत, एवढी अपेक्षा या अभ्यासवर्गाकडून करणे वावगे होणार नाही.